फुटाला एक सूत

लोखंड थंड होताना आकसतं.
हे मला उद्यमनगरात पहिल्याच दिवशी कळलं,
पांडबा मेस्त्रींच्या दुकानात, घोट्यापर्यंत भुशात उभं राहून.
"फुटाला एक सूत," ते म्हणाले,
आणि हातात एक पट्टी दिली
जिचा फूट फुटापेक्षा मोठा होता.
सागवानाचा पॅटर्न तिनं मापायचा.
मग वाळूत साचा, साच्यात रस,
आणि रस निवता निवता
नग आपोआप मापात येतो.

साधी पट्टी शेजारच्याच खिळ्याला टांगलेली.
सोळा वर्षांचा होतो मी. खिळा चुकलो.

पंपाच्या बॉडीचा पॅटर्न. एकच माप, तोंडाचं,
मी साध्या पट्टीनं घेतलं.
पॉलिश चढलं, टेम्पो आला, माल शिरोलीला गेला.
तिसऱ्या रात्री मेस्त्रींनी माझी वही चाळली
आणि दिवा न विझवता बसून राहिले.

पहाटे सायकल काढली. मी मागं कॅरियरवर.
पंचगंगेच्या पुलावर धुकं,
म्हशी घेऊन निघालेले गवळी,
आणि मेस्त्री एक शब्द बोलेनात.
कारखान्यात बावीस नग ओतून तयार होते.
कुणी अजून कॅलिपर लावला नव्हता.
लावला नसता तर पुढच्या महिन्यात
कुठल्या तरी मळ्यात पंप गळला असता,
आणि दोष विहिरीला लागला असता.

"शेठ, माल चुकलाय. वितळवा.
खर्च माझ्या अंगावर."
मी तोंड उघडलं, "माप मी..."
मेस्त्रींनी खांद्यावर हात ठेवला. जड हात.
"पाटीवर नाव कुणाचं हाय?
मग चूक बी त्याचीच."

इथं गोष्ट संपत नाही, आणि गोडही होत नाही.
शेठनी पैसे वळते केले, शेवटच्या रुपयापर्यंत.
दोन वर्षं एक पॅटर्न दिला नाही.
त्या दिवाळीला मेस्त्रींनी रंधा विकला, आवडता,
आणि आम्ही पाटं-पोळपाट, देवघरं करून दिवस काढले.
मला वाटायचं, खरं बोलणं म्हणजे
आपल्याच पायावर हातोडा.

मग इचलकरंजीहून एक माणूस आला.
यंत्रमागाचे सुटे भाग ओतणारा, घाईतला.
तांबडी माती चप्पलला, चहा नको म्हणाला.
"शिरोलीच्या शेठना विचारलं, माणूस कसा?
म्हणाले, कारागीर बरा आहे.
पण चुकला तर आधी स्वतः येऊन सांगतो.
बस्स, तेवढ्यावर आलोय."
मेस्त्री हसले नाहीत.
फक्त पेन्सिल कानावरून काढली.

आज गोकुळ शिरगावला माझी सात मशीनं आहेत.
आकसण्याची टक्केवारी कॉम्प्युटर घालतो,
बटण दाबलं की झालं.
मागच्या महिन्यात शाल-श्रीफळ मिळालं,
माईक पुढं करून कुणी विचारलं,
"दस्तगीरभाई, यशाचं गमक काय?"
मला पुलावरचं धुकं आठवलं.
मी म्हणालो, कष्ट आणि प्रामाणिकपणा.
टाळ्या पडल्या.
घरी येईपर्यंत घसा खवखवत होता.

ती पट्टी आता माझ्या ऑफिसात आहे.
काल नात आली, भिंतीला पाठ लावून म्हणाली,
माझी उंची घ्या, आजोबा.
सवयीनं तीच हाताला आली.
शाळेत चार फूट भरली होती पोरगी,
इथं अर्धा इंच कमी.
फुगून बसली.
तिला समजवायला जमलं नाही मला,
की पट्टी वाईट नाही,
ती फक्त आधीच मानून चालते
की तापलेलं सगळं एकदा निवणार आहे.

मी साधी पट्टी शोधत राहिलो.
ड्रॉवर, कपाट, खिळा.
साधी पट्टी घरात नव्हतीच.